तबलानवाज अहमदजान थिरकवाँ

चैत्र-वैशाखांत आमच्या जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील गांवोगांवच्या यात्रांना भर येतो. दिवसा देवाची पालखी निघते, घाटांत बैलगाडे पळतात, आखाड्यांत कुस्त्या होतात. आणि रात्र पडली म्हणजे तमाशाचा फड उभा राहतो. त्या फडांत सर्वांआधीं ऐकूं येते ती ढोलकी. गण सुरू होण्यापूर्वी ढोलकीवाला व हलगीवाला समोरासमोर उभे राहून जी सलामी देतात, तिच्या पहिल्या थापेसरशी दूर चहाच्या टपऱ्यांपाशी रेंगाळणारी मंडळी कनातीकडे धांव घेतात. एखादा अवघड तोडा घेऊन ढोलकीवाल्यानें समेवर नेमका हात टाकला, कीं फेटे उडतात, टोप्या उडतात, आणि शिट्ट्यांनीं कान बधिर होतात.

नारायणगांवास तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या पडतात, व गांवोगांवचे पंच येऊन यात्रेची सुपारी देऊन जातात. भाऊ-बापूंचें घराणें व त्या घराण्यांत जन्मलेल्या विठाबाई नारायणगांवकर (१९३५-२००२) यांचें नांव आमच्या भागांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु विठाबाईंच्या पायांतील घुंगरांना ज्यांनीं बोल दिले, त्या ढोलकीवाल्यांपैकीं दोघांचीं तरी नांवें आमच्या वाचकांपैकीं कितीजणांस सांगतां येतील? फेटा उडविणाऱ्यास हाताचें कौतुक असतें. हात कोणाचा, हें विचारण्याचें त्यास सुचत नाहीं.

गेल्या वर्षीं शाळेचीं प्रवेशपत्रें तपासतांना एक गोष्ट आमच्या दृष्टीस पडली. वडिलांचा व्यवसाय या रकान्यांत एका मुलानें प्रथम ढोलकीवादन असें लिहून तें खोडलें होतें, आणि त्यावर शेती असें लिहिलें होतें. त्या घरीं गुंठाभरही जमीन नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या खोडलेल्या शब्दामुळें प्रस्तुत लेख लिहिण्याचें आमच्या मनांत आलें. तालवाद्य वाजवून पोट भरणाऱ्या मनुष्यास आपल्या देशांत केवढी प्रतिष्ठा मिळूं शकली, याचें एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या रंगभूमीवर होऊन गेलें आहे. तें उदाहरण म्हणजे उस्ताद अहमदजान थिरकवाँ.

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलें इंग्रजी रॉक व मेटल या प्रकारचें संगीत मोठ्या आवडीनें ऐकतात, व बाकावर दोन पेन्सिली आपटून त्यांतील ड्रमवादकांची नक्कल करितात. शिक्षकांस याचा त्रास होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि त्या मुलांचें प्रेम उथळ नाहीं. कॅनडांतील रश या वाद्यवृंदाचा ड्रमवादक नील पिअर्ट २०२० च्या जानेवारींत वारला, तेव्हां जगभरच्या रसिकांनीं घरचें मनुष्य गेल्यासारखा शोक केला. हा गृहस्थ गात नसे. मागें बसून वाजवीत असे व बहुतेक गाण्यांचे शब्द लिहीत असे. तरी त्याचा एकट्याचा वादनभाग आला म्हणजे सहस्रावधि श्रोते श्वास रोखून ऐकत. अमेरिकेंतील टूल या वाद्यवृंदाचा ड्रमवादक डॅनी कॅरी यानें तर आपल्या देशाचा तबला रीतसर शिकून घेतला. साथ करणाऱ्यालाच मुख्य मानून त्याचे भक्त बनावें, हा प्रकार आमच्या मुलांस नवा वाटतो; परंतु त्यांच्या पणजोबांच्या पिढीनें तो पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांतून पाहिला होता.

अहमदजान यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत उत्तर हिंदुस्थानांतील मुरादाबाद येथें झाला. घराणें संगीताचें होतें. वडील हुसेनबक्ष हे सारंगी वाजवीत, व आप्तांमध्यें तबला वाजविणारे अनेक होते. तबल्याचे पहिले धडे त्यांस घरच्या वडीलधाऱ्या मंडळींपासूनच मिळाले. पुढें लहान वयांतच ते मुंबईस येऊन उस्ताद मुनीरखां यांचे शागीर्द झाले, व त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

मुनीरखां हे विलक्षण गुरु होते. त्या काळीं प्रत्येक घराणें आपली विद्या कुलुपांत ठेवी. दिल्लीचें बाज निराळें, अजराड्याचें निराळें, लखनौचें व फरुखाबादचें निराळें. एका घरचा कायदा दुसऱ्या घरच्या शिष्याच्या कानीं पडूं नये, अशी काळजी घेण्यांत येई. लग्नांत मुलीबरोबर जावयास तबल्याच्या गती आंदण दिल्याच्या कथा त्या क्षेत्रांत प्रचलित आहेत, यावरून त्या विद्येचें मोल ध्यानांत यावें. मुनीरखांनीं मात्र अनेक उस्तादांच्या दारीं जाऊन, सेवा करून, निरनिराळ्या घराण्यांचा संग्रह केला होता, व तो ते शिष्यांस मोकळ्या हातानें देत. थिरकवाँ, अमीरहुसेनखां, हबीबुद्दीनखां अशी थोर शिष्यमंडळी त्यांच्या हाताखालीं तयार झाली. मुंबईसारख्या बाजारपेठेच्या शहरांत हें घडलें, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

थिरकवाँ हें त्यांचें पाळण्यांतलें नांव नव्हे. मुनीरखांचे वडील काळेखां यांनीं या पोराचीं बोटें तबल्यावर नाचतांना पाहिलीं, व थिरकणें म्हणजे नाचणें या शब्दावरून कौतुकानें त्यास हें नांव दिलें. तें त्यास असें चिकटलें, कीं पुढें लोक मूळ नांव विसरले. पोराचीं बोटें नाचतात इतकें म्हणून गुरुघरचें कौतुक थांबलें, शिक्षण मात्र थांबलें नाहीं. एकच बोल तासन् तास घोटावयाचा, हात दुखून आले तरी लय ढळूं द्यावयाची नाहीं, आणि अक्षर स्वच्छ निघेपर्यंत पुढचा बोल मागावयाचा नाहीं, हा त्या तालमीचा क्रम असे. अशीं कित्येक वर्षें गेलीं.

येथें तबल्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला असेल, परंतु त्याजकडे निरखून पाहिलें नसेल. उजव्या हाताचें लांकडी भांडें तो तबला, व डाव्या हाताचें धातूचें तो डग्गा. तबल्याच्या कातड्यावर मधोमध जें काळें वर्तुळ असतें त्यास शाई म्हणतात. लोहाचा कीस व खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन व दगडानें घोटून ती बसवावी लागते. कांठाजवळची जी कातड्याची दुहेरी पट्टी, ती चाट. चाट व शाई यांच्या मधली मोकळी जागा, ती लव. ही शाई शोभेकरितां नाहीं. साध्या ढोलावर थाप मारली म्हणजे निघणाऱ्या निरनिराळ्या कंपनांचें एकमेकांशीं नातें जुळत नाहीं, म्हणून त्यांतून नुसता आवाज निघतो, स्वर निघत नाहीं. शाईच्या वजनामुळें तीं कंपनें मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा प्रमाणांत येतात, आणि कातडें गाऊं लागतें. ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं एका सहकाऱ्यासह अभ्यासून १९२० सालीं नेचर या विलायती पत्रांत प्रसिद्ध केली. नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें तें त्यानंतर दहा वर्षांनीं. ज्या अनामिक कारागिरांनीं ही शाई प्रथम लावली, त्यांस गणित येत नव्हतें. कान मात्र होता.

याच लवेवर व चाटेवर थिरकवाँ यांचीं बोटें अशीं पडत, कीं तबला जोरानें वाजतो आहे असें न वाटतां तो बोलतो आहे असें वाटे. जलद वाजविणारे त्यांच्या काळीं कमी नव्हते. परंतु द्रुत लयींतही त्यांचा एकेक बोल मोत्यासारखा सुटा राही, आणि डग्ग्याची घुमक गळ्यांतून निघाल्यासारखी गोड येई. आम्हांस त्यांचें वादन ध्वनिमुद्रणांवरूनच काय तें ऐकावयास मिळालें. तेवढ्यावरूनही ध्यानांत येतें, कीं त्यांची सर्वांत मोठी शक्ति थांबण्यांत होती. दोन बोलांमधली रिकामी जागा ते भरून काढीत नसत.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) यांनीं १९१३ सालीं गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्या भागीदारींत गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. स्वयंवर, एकच प्याला, मानापमान या नाटकांनीं महाराष्ट्रास वेड लाविलें, हें सांगावयास नको. नाटक रात्रीं सुरू होई तें पहाटे संपे. एकेक पद पुनः पुनः म्हणावें लागे. या मंडळीच्या थोरवींत एक गोष्ट अशी होती, कीं बालगंधर्वांनीं साथीच्या बाबतींत पैशाकडे पाहिलें नाहीं. भरजरी शालू, अस्सल अत्तर व गालिचे यांवर त्यांनीं जो खर्च केला त्याची निंदा अनेकांनीं केली आहे, व ती सर्वस्वीं खोटी नाहीं. कर्जाचा डोंगर त्या मंडळीवर चढला होता. परंतु सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँ अशी जोडी त्यांनीं नाटकासमोर आणून बसविली, या एका खर्चाबद्दल महाराष्ट्रानें त्यांचें ऋणी राहिलें पाहिजे. जी साथ संस्थानिकांच्या महालांत ऐकावयास मिळावी, ती पिटांतल्या तिकिटावर बसलेल्या कारकुनास व विद्यार्थ्यास ऐकावयास मिळूं लागली.

आणि प्रेक्षकही तयार झाले. नाट्यपद ऐकतां ऐकतां लोकांस कळूं लागलें, कीं हें पद रंगतें आहे त्यांत खालीं बसलेल्या त्या मुसलमान गृहस्थाचा वांटा आहे. तिकीट काढतांना थिरकवाँ आज आहेत ना, अशी चौकशी करणारे रसिक निर्माण झाले. बालगंधर्व गात असतां ते कधीं पुढें पुढें करीत नसत. साधा ठेका धरून ठेवीत. परंतु पदाच्या मुखड्याशीं एखादी जागा सांपडली, कीं चार अक्षरांचा असा कांहीं तुकडा टाकीत, कीं गाणारा सुखावे व ऐकणारा मान डोलावी. आमच्या मतें त्यांची खरी कसोटी येथें लागली. एकट्यानें तबला वाजवून टाळ्या घेणें कठीण खरेंच. तथापि शेंकडों रात्रीं तींच तींच पदें दुसऱ्याच्या गळ्यासाठीं धरून ठेवावयाचीं, व तरीही आपली ओळख बुडूं द्यावयाची नाहीं, हें त्याहून कठीण.

या प्रतिष्ठेचें मोल कळण्यास त्यापूर्वीची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. तबला व सारंगी वाजविणारा म्हणजे नाचगाण्याच्या बैठकींतला नोकर, अशी सभ्य समाजाची समजूत होती. कंबरेस तबला बांधून नर्तिकेच्या मागें उभ्यानें वाजविणारे साथीदार जुन्या चित्रांतून आजही दिसतात. तबलजी हा शब्दच हेटाळणीनें उच्चारला जाई. मैफलींत गायकाचें नांव पुकारीत, साथीदाराचें पुकारीत नसत. बिदागींतही हाच भेद असे. थिरकवाँ यांनीं याविरुद्ध व्याख्यानें दिलीं नाहींत. उत्तम वाजविलें, आपला मान राखला, आणि हळूहळू केवळ तबला ऐकण्याकरितां लोक जमूं लागले. एकट्या तबल्याच्या वादनांत सारंगीवर किंवा पेटीवर सोळा मात्रांचा लेहरा अखंड चालू राहतो, आणि वादक पेशकारापासून आरंभ करून कायदे, रेले, गती, तुकडे असा विस्तार करितो. पेशकार म्हणजे आर्जवानें केलेली ओळख. तो भाग पूर्वी थोडक्यांत आटोपत. थिरकवाँ यांनीं त्यास गवयाच्या विलंबित आलापीसारखें गांभीर्य आणलें.

त्यांच्या समकालीनांत लयीचे दुसरे एक विलक्षण उपासक गोमंतकांत होते, त्यांचाही उल्लेख येथें केला पाहिजे. खाप्रुमामा पर्वतकर हे एका हातानें एक ताल, दुसऱ्यानें दुसरा व पायानें तिसराच दाखवीत. रसिकांनीं त्यांस लयभास्कर म्हटलें. ते १९५३ सालीं वारले. पाश्चात्त्य ड्रमवादक दोन हात व दोन पाय निरनिराळ्या मापांत चालवितात याचें ज्या विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटतें, त्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें.

तिसाव्या दशकांत बोलपट आले व नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. बालगंधर्व १९३५ सालीं प्रभातच्या धर्मात्मा या चित्रपटांत उतरले. थिरकवाँ यांस रामपूरच्या नबाबांचा आश्रय मिळाला. रामपूर हें त्या काळीं संगीताचें मोठें पीठ होतें. तेथें त्यांनीं अनेक थोर गवयांची व वादकांची साथ केली. १९४९ सालीं तें संस्थानही विलीन झालें. पुढें लखनौच्या संगीत विद्यालयांत ते तबल्याचे अध्यापक झाले. हें विद्यालय १९२६ सालीं आपल्या विष्णु नारायण भातखंडे यांनीं काढलेलें. म्हणजे पोरवयांत उत्तरेंतून महाराष्ट्रांत येऊन विद्या घेतलेला हा कलावंत उतारवयांत उत्तरेंत परतला, तो एका महाराष्ट्रीयानें उघडलेल्या शाळेंत शिकविण्याकरितां. घराण्याबाहेर विद्या जाऊं न देणाऱ्या जगांत वाढलेल्या उस्तादानें फळ्यासमोर बसलेल्या कोणाच्याही मुलास बोल सांगावे, हा बदल लहान नव्हता.

महाराष्ट्राशीं त्यांचा संबंध सुटला नाहीं. जगन्नाथबुवा पुरोहित, लालजी गोखले, भाई गायतोंडे, मुंबईचे निखिल घोष अशा शिष्यांनीं त्यांची विद्या आमच्याकडे रुजविली. यांतील जगन्नाथबुवा पुढें गायनाचे आचार्य म्हणून गुणीदास या नांवानें प्रसिद्धीस आले. हिंदु शिष्य, मुसलमान उस्ताद, हा भेद गंडा बांधतांना आड आला नाहीं. १९७० सालीं भारत सरकारनें खांसाहेबांस पद्मभूषण ही पदवी दिली. ऐंशी वर्षें उलटल्यावरही ते मैफलींत बसत व तरुण वादकांस पुढें बसून ऐकावेंसें वाटे असें वाजवीत. वयामुळें वेग उतरला, अक्षर उतरलें नाहीं. १९७६ च्या जानेवारींत मोहरमकरितां ते लखनौस होते. तो आटोपून मुंबईस परत निघण्याच्या वेळीं, १३ जानेवारीस, त्यांचा अंत झाला, असें सांगतात.

आम्हीं हें चरित्र वर्गांत सांगितलें, तेव्हां एका मुलानें विचारलें, कीं ढोलकीला अशी शाळा कां नाहीं? प्रश्न योग्य होता व उत्तर सोपें नव्हतें. ढोलकी आडवी धरावयाची. तिच्या एका तोंडास शाई असते, म्हणून तिचाही स्वर लावतां येतो, आणि तिचे बोल तबल्याच्या बोलांचेच भाऊबंद आहेत. उणीव वाद्यांत नाहीं. गांवानें ज्यांस पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेविलें, त्या समाजांतील कलावंतांनीं ती वाजविली. त्यांच्या नशिबीं बालगंधर्व आले नाहींत, रामपूरचे नबाब आले नाहींत, आणि भातखंड्यांची शाळाही आली नाहीं. पावसाळ्याचे चार महिने फड बंद असतो, तेव्हां यांतील कित्येकांस मजुरी शोधावी लागते. आमच्या ख्रिस्ती मंडळींनीं तरी याबाबतींत फार अभिमान बाळगूं नये. नारायण वामन टिळकांनीं (१८६१-१९१९) भजन व कीर्तन उपासनेंत आणलें, तेव्हां मृदंग व टाळ देवळांत कशाला, असें म्हणणारे पुष्कळ होते. आज तबल्यावांचून आमची उपासना सुनी वाटते. ढोलकीस मात्र नाताळच्या मिरवणुकीपलीकडे आंत घेण्यास अद्यापि आमचें मन कचरतें.

प्रवेशपत्रांतला तो मुलगा आतां नववींत आहे. यंदाच्या वार्षिक संमेलनांत स्वागतपद्यास साथ करण्याकरितां आम्हीं त्याच्या वडिलांस बोलाविलें. ते दुपारींच आले, सावलींत बसून अर्धा तास ढोलकी चढवीत राहिले, आणि पेटीवाल्या बाईंचा स्वर तीन वेळां मागून घेतला. मुलगा जवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. कार्यक्रमपत्रिकेंत गाणाऱ्या मुलींच्या नांवांखालीं, त्याच ठशांत, वडिलांचें संपूर्ण नांव व त्यापुढें ढोलकी हा शब्द छापला होता. ती पत्रिका त्या मुलानें दोन मागून नेली.